अभ्यासमंडळाच्या सदस्यांना एका सिग्नलवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
विद्यापीठांच्या इंग्रजी व मराठी अभ्यासमंडळांचे सन्माननीय सदस्य

विषय : ‘पलायनवादी वाङ्मय’ या शेऱ्याचा फेरविचार होण्याबाबत

स. न. वि. वि.

मी प्राध्यापक नाही. जबलपूरला सिग्नलचं ट्रेनिंग घेतलं, २६ वर्षं फौजेत केबल ओढली, एक्स्चेंज सांभाळलं आणि सुभेदार म्हणून पेन्शनीत निघालो. सातारा जिल्ह्यात राहतो. शेती थोडी, वाचन त्याहून जरा जास्त.

माझ्या मुलीने एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी टोल्किन हा विषय मांडला होता. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ आणि त्याच्या लेखकाने पाहिलेलं पहिलं महायुद्ध. प्रस्ताव परत आला तेव्हा त्यावर लाल शाईत लिहिलं होतं : पलायनवादी बालवाङ्मय, वास्तवाशी संबंध नाही, विषय बदलावा. विद्यापीठ कोणतं आणि सही कोणाची, ते मी लिहीत नाही. हा शेरा एकट्यादुकट्याचा असता तर मी कागदाला हातही लावला नसता. पण त्यानंतर ज्या ज्या शिकलेल्या माणसाला विचारलं, त्याने कमीअधिक हेच सांगितलं. मुलीने विषय बदलला, पदवी घेतली, आता नोकरीला आहे. तिचा राग ओसरला. माझा ओसरेना.

तेव्हा तिने तो जाडजूड ग्रंथ माझ्या खाटेवर आणून टाकला होता. “अण्णा, तुम्हीच वाचा आणि सांगा, ह्यात पळून जाण्यासारखं काय आहे.” माझं इंग्रजी फौजेतलं. आठ महिने लागले. पहिल्या शंभर पानांत तर मलाही वाटलं, हे काय, बुटके लोक, वाढदिवस, फटाके. पुढे एका दलदलीपाशी आलो आणि पुस्तक मिटून गोठ्यात जाऊन बसलो.

तुमच्यापैकी ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. शत्रूची जादूची अंगठी नष्ट करायला निघालेला फ्रोडो आणि त्याचा चाकर सॅम, दोघं एका वाटाड्याच्या मागून रात्री चिखलातून चाललेत. आजूबाजूला मेणबत्तीसारखे फिकट दिवे हलतायत. सॅम अडखळून पडतो, हात गाळात, तोंड पाण्याला टेकायच्या बेतात, आणि तो किंचाळून मागे सरकतो. पाण्यात मेलेल्या माणसांचे चेहरे आहेत. जुन्या लढाईतले. काही उमदे, काही दुष्ट, केसांत शेवाळ. आपले आणि शत्रूचे एकाच पाण्यात. हात घालून त्यांना बाहेर काढता येत नाही. नुसते दिसतात.

हे खुर्चीत बसून सुचत नाही, एवढं मला कळलं. टोल्किन कोण, कुठे होता, ते त्यानंतर मी शोधायला लागलो.

जन्म १८९२. ऑक्सफर्डला इंग्रजीची पदवी १९१५ मध्ये पहिल्या वर्गात, आणि लगेच लँकशायर फ्युजिलिअर्स या पलटणीत सेकंड लेफ्टनंट. मार्च १९१६ मध्ये लग्न, जूनमध्ये फ्रान्स. ११ वी बटालियन, आघाडी सॉम नदीची. १ जुलै १९१६ ला तिथे ब्रिटिशांनी हल्ला चढवला आणि त्या एका दिवसात त्यांची ५७ हजारांवर माणसं कामी आली किंवा जखमी झाली. त्यातले १९ हजारांवर मेले. टोल्किन काही दिवसांनी पुढच्या फळीत गेला आणि ऑक्टोबरअखेरपर्यंत आलटून पालटून खंदकांत होता. मग त्याला ट्रेंच फीव्हर झाला. हा ताप उवांमुळे होतो. त्याला इस्पितळाच्या जहाजाने इंग्लंडला नेलं आणि पुढची दोन वर्षं तो आजारी पडत आणि उठत राहिला, आघाडीवर परत गेला नाही. इंग्रजी साहित्यावर उवांचे असे उपकार आहेत.

शाळेपासूनचे ते चौघे दोस्त. बर्मिंगहॅमच्या शाळेच्या ग्रंथालयात चोरून चहा करायचे, त्यावरून त्यांनी आपल्या टोळक्याला नावही दिलं होतं. त्यातला रॉब गिल्सन १ जुलैलाच मारला गेला. बातमी टोल्किनला दोन आठवड्यांनी कळली. ऑगस्टमध्ये त्याने दुसऱ्या दोस्ताला, जेफ्री स्मिथला लिहिलं, की दोन रात्री मी रानात जाऊन नुसता विचार करत बसलो. डिसेंबरात तो स्मिथही गेला. तोफगोळ्याचे तुकडे लागले होते, जखम चिघळली. त्याने आधी टोल्किनला लिहून ठेवलं होतं : मला जे सांगायचं होतं ते, मी नसलो तर, तू सांग. चौथा नौदलात होता, तो वाचला. पुढे पन्नास वर्षांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत टोल्किन एका ओळीत हिशेब देतो, की १९१८ पर्यंत माझे जवळचे मित्र, एक सोडून, सगळे मेले होते. लोकांना हिटलरच तेवढा आठवतो, १९१४ च्या तरुणांचं काय झालं ते विसरले, असा थोडा चिडलेला सूर आहे तिथे.

आता तुम्ही बी.ए.ला कवी विल्फ्रेड ओवेन शिकवता. शिकवलाच पाहिजे. टोल्किनहून वर्षाने लहान, त्याच सॉमच्या पट्ट्यात काही महिन्यांनी पोचलेला, आणि युद्ध संपायला आठवडा असताना मेलेला. त्याच्या कवितेत गॅस आहे, खंदक आहे, म्हणून ते ‘युद्धसाहित्य’. दुसऱ्याने तोच चिखल पाहिला, पण त्याच्या चिखलाचं नाव नकाशात सापडत नाही, म्हणून ते ‘बालवाङ्मय’. ही वर्गवारी कशी करता, हे मला खरंच समजून घ्यायचं आहे.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. मॉर्डोर, म्हणजे गोष्टीतला शत्रूचा मुलूख, तो जर्मनी, अंगठी म्हणजे अणुबाँब, असे तक्ते मांडणारे लेख मीही चाळले, आणि तुम्हाला त्यांचा कंटाळा आला असेल तर मी तुमच्या बाजूचा आहे. टोल्किनला स्वतःलाच ते आवडत नव्हतं. १९६० मधल्या एका पत्रात तो म्हणतो, की ती दलदल आणि मॉर्डोरच्या दाराकडची वाट सॉमनंतरच्या उत्तर फ्रान्सचं काही देणं लागते. पण तिथेच पुढे जोडतो, की आधीच्या पिढीतला लेखक विल्यम मॉरिस याच्या कथांचं देणं त्याहून मोठं आहे. दुसरा कोणी असता तर आपल्या जखमा दाखवत फिरला असता. हा म्हणतो, पुस्तकं जास्त लागली मला. युद्धाचा माल वेगळीकडे आहे त्याच्याकडे, आणि तो कुठे आहे ते सांगायला मी बरा माणूस आहे, कारण टोल्किन त्याच्या बटालियनचा सिग्नल ऑफिसर होता.

म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगू द्या. १९१६ मध्ये सिग्नल म्हणजे फील्ड टेलिफोन, बझर, झेंडे, दिवे, कबुतरं आणि रनर. केबल जमिनीत पुरली तरी तोफखाना ती उखडायचा. लाइन तुटली की लाइन पार्टी बाहेर काढायची आणि अंधारात तार हाताने चाचपत तुटलेलं टोक शोधायचं. पुढे गेलेल्या कंपनीचं काय झालं, मागे कोणालाच कळत नाही. एखादा रनर येतो, त्याच्या हातातली चिठ्ठी तीन तासांपूर्वीची असते. आणि लाइन शाबूत असली तरी धोका असायचाच, कारण टेलिफोनचा आवाज जमिनीतून झिरपायचा आणि जर्मन यंत्रं लावून तो ऐकायचे. म्हणून पुढच्या फळीत टेलिफोनवर बोलायलाच निर्बंध आले होते.

हे डोक्यात ठेवून त्या कादंबरीतल्या पलांतीरकडे बघा. दूरचं दाखवणारे दगडी गोळे. त्यातला एक शत्रूच्या हातात गेलाय. दगड खोटं दाखवत नाही, पण पलीकडे कोण बसलाय त्यावर काय दिसेल ते ठरतं. वेढ्यात सापडलेल्या नगराचा कारभारी डेनेथोर त्यात काळ्या शिडांची जहाजं येताना बघतो, आता संपलं म्हणून चिता रचायला सांगतो. जहाजं खरोखरच येत असतात, फक्त त्यांत बसलेली माणसं आपली असतात. दुसरीकडे पिपिन नावाचं पोरगं चुकून दगडात डोकावतं आणि शत्रूचा गैरसमज होतो की अंगठी ह्याच्याकडेच आहे. संदेश बरोबर, अर्थ चुकीचा. एक्स्चेंजवर बसलेल्या माणसाला ह्या एका चुकीची किती भीती असते, हे मी तुम्हाला शब्दांत सांगू शकणार नाही. टोल्किनने पलांतीर सॉमवरून घेतला असं त्याने कुठे म्हटलेलं नाही, मीही तसा दावा करत नाही. पण अख्खी कादंबरी ज्या तऱ्हेने रचली आहे, की ह्या टोळीला त्या टोळीचं काही ठाऊक नाही, जो तो आपल्या तुकड्यापुरता चालतोय आणि बाकीचे मेले असं धरून चालतोय, ती रचना मला तरी लाइन तुटलेल्या माणसाची वाटते.

आणि सॅम. तुमच्या लाल शाईला सॅम दिसला असता तर बरं झालं असतं. टोल्किनने म्हटलंय की सॅम हा त्याने १९१४ च्या युद्धात पाहिलेल्या साध्या शिपायांचा आणि बॅटमनचा कवडसा आहे, आणि ती माणसं माझ्यापेक्षा कितीतरी मोठी होती. बॅटमन म्हणजे आपल्याकडचा सहायक. साहेबाचं किट उचलणारा, चहा करणारा. आपल्या फौजेत ह्या पद्धतीवरून बरीच बोलाबोली झाली आहे, त्यात आत्ता शिरत नाही. पण सॅम दोर आणायचा विसरतो आणि स्वतःलाच बोल लावतो, पाण्याचे घोट मोजतो, परतीच्या शिध्याचा हिशेब करतो. शत्रूच्या मुलखात एका क्षणी ओझं हलकं करायचं म्हणून त्याला आपली भांडी फेकावी लागतात. एवढ्या लांबून वागवत आणलेली ती भांडी भेगेत खाली पडतात आणि त्यांचा खणखणाट त्याच्या काळजात वाजतो. फौजेत किट टाकून द्यायची पाळी ज्याच्यावर आली आहे तो ह्या ओळीवर थांबेलच. लढाईची वर्णनं त्या पुस्तकात पुष्कळ आहेत, ढाली, भाले, घोडदळाच्या धावा. खरं सांगायचं तर ती मी भराभर उलटली. त्याच जुलैत, १४ तारखेला, सॉमवर हाय वूडपाशी आपलं डेक्कन हॉर्स हे घोडदळ भाले घेऊन धावलं होतं. मशीनगनच्या जमान्यात. टोल्किनची बटालियन तेव्हा काही मैलांवर ओव्हिलेर्स गावासाठी झुंजत होती. ते वाचल्यापासून गोष्टीतलं घोडदळ धावायला लागलं की माझा उत्साह जरा कमीच होतो.

एका जागी मात्र मला पुस्तकाचा रागही आला, तो लपवत नाही. शत्रूची माणसं दक्षिणेकडून आणि पूर्वेकडून येतात, आणि ती सावळी असतात. मी साताऱ्यात बसून वाचतोय, मला ते खटकणारच. पण त्याच ठिकाणी टोल्किन हेही करतो : सॅमच्या समोर एक दाक्षिणात्य सैनिक कोसळतो, सावळ्या हातात तुटकी तलवार, आणि सॅम विचार करतो, ह्याचं नाव काय असेल, आला कुठून, मनाने खरंच दुष्ट होता का, की कोणी थापा मारून, धमकावून ह्याला घरापासून इतक्या लांब आणलं, आणि घरीच राहायला मिळालं असतं तर हा राहिला नसता का.

ह्या ओळींवर मला माझे पणजोबा आठवले.

ते मराठा पलटणीत होते. टोल्किनच्याच वयाचे, वर्षभर इकडे की तिकडे, जन्मतारीख कोणी लिहून ठेवली होती. साताऱ्याहून मुंबई, मुंबईहून बोटीने बसरा, तिथून तैग्रिस नदीच्या कडेने वर. आमच्या गावात चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. ह्या गावातून महायुद्धाला इतके गेले, पैकी इतके कामी आले. ग्रामपंचायतीने भिंतीबरोबर तिलाही ऑइलपेंट फासला, त्यामुळे आकडे बोटाने चाचपून वाचावे लागतात. अशा पाट्या जिल्ह्यात गावोगाव आहेत. पणजोबा परत येणाऱ्यांतले. मी सातआठ वर्षांचा असेपर्यंत ते होते. लढाईबद्दल विचारलं तर म्हणायचे, “माशा लई होत्या.” बास. पुढे शब्द नाही. पण रात्री अंगणात आम्हा पोरांना एक गोष्ट सांगायचे, आणि प्रत्येक वेळी तीच.

आटपाट नगर होतं. नगराच्या तिन्ही अंगांनी नदी, चौथ्या अंगाला राक्षस. राक्षस आत येईनात आणि नगरातल्या माणसांना बाहेर जाऊ देईनात. दाणे संपले. मग राजा म्हणाला, घोडे कापा आणि खा. एक पाईक म्हणाला, मी ज्याला हाताने चारा घातला त्याला खाणार नाही. राजाने लांबच्या साधूला विचारणं धाडलं, की खाल्लं तर पाप आहे का. साधूचा निरोप आकाशातून आला, की नाही. तरी पाईक उपाशीच बसला. आणि मग पणजोबा म्हणायचे, एक दिवस वेस उघडली आणि सगळे चालायला लागले. कुठे, ते कधी सांगितलं नाही.

आम्हाला ती भुताखेतांची गोष्ट वाटायची. मी फौजेत नायकाच्या हुद्द्यावर असताना एका लायब्ररीत मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, लढाईचं पुस्तक हाताला लागलं, त्यात नकाशा होता. कुट अल अमारा. नदीने असा वळसा घेतलाय की गाव तीन बाजूंनी पाण्यात. डिसेंबर १९१५ पासून तुर्कांचा वेढा. आत इंग्रज फौज आणि हिंदी पलटणी, त्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी. घोडे आणि खेचरं कापून खाल्ली. हिंदी शिपाई धर्माच्या कारणाने खाईनात, म्हणून हिंदुस्तानातल्या धर्मगुरूंची परवानगी मागवली गेली. वेढ्यातून बाहेर बोलायला बिनतारी यंत्र तेवढं होतं. आकाशातून आलेला निरोप! २९ एप्रिल १९१६ ला कुट पडलं आणि कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं. पुष्कळ वाटेतच मेले. उरलेल्या हिंदी कैद्यांतल्या बऱ्याच जणांना रास अल ऐनजवळ रेल्वेच्या कामाला जुंपलं.

मी त्या नकाशावर किती वेळ हात ठेवून बसलो होतो कोण जाणे. पणजोबा तेव्हा हयात नव्हते. त्यांनी आम्हाला सगळं सांगून टाकलं होतं, एकही खोटा शब्द न घालता, आणि आम्ही ‘राक्षस कसे दिसायचे, पणजोबा’ विचारत बसलो होतो.

म्हणून ‘पलायन’ हा शब्द मला लागला. फौजेत हा शब्द जपून वापरतात. ठाणं सोडून पळतो तो भगोडा, त्याचं कोर्ट मार्शल होतं. शत्रूच्या कैदेतून निसटून येतो त्याला मिठी मारतात. टोल्किनने १९३९ मध्ये सेंट अँड्र्यूजला परीकथेवर व्याख्यान दिलं, त्यात नेमका हाच फरक त्याने टीकाकारांना समजावलाय : कैद्याची सुटका आणि भगोड्याचं पळणं ह्यांची तुम्ही गल्लत करता. तिथेच तो म्हणतो, की परीकथेची गोडी मला भाषाशास्त्राने लावली आणि युद्धाने ती पुरती जागी केली. ही कबुली त्याची स्वतःची आहे. इस्पितळात आणि नंतरच्या रजेत त्याने लिहायला घेतलेल्या पहिल्या मोठ्या कथांत एक लपलेलं सुंदर शहर आहे, ते पाडायला लोखंडाचे सरपटणारे अजगर येतात आणि त्यांच्या पोटातून शत्रूचे शिपाई बाहेर पडतात. सॉमवर रणगाडे पहिल्यांदा उतरले १५ सप्टेंबर १९१६ ला. पुढचं तुम्ही जोडा किंवा जोडू नका.

परतीचा भाग राहिला. बऱ्याच गोष्टी राज्याभिषेकाला संपतात. ही संपत नाही. चौघे हॉबिट, म्हणजे ते बुटके लोक, घरी येतात तर गावची झाडं तोडलेली, घरांच्या जागी ओंगळ विटांच्या चाळी, नियमांचे बोर्ड, आणि दादागिरी करणारे भाडोत्री गुंड. ते सगळं निस्तरतात. सॅमचं लग्न होतं, पोरं होतात. फ्रोडोचं काही होत नाही. गावात त्याला फारसं कोणी विचारत नाही. आणि दर वर्षी ठरलेल्या तारखांना, ६ ऑक्टोबरला खांद्यावरच्या वाराची आणि १३ मार्चला जाळं विणणाऱ्या राक्षसी कोळी-मादीच्या डंखाची, त्याला दुखणी उमळतात. तो कोणाला कळू देत नाही. १९९९ साली मी कारगिल भागात लाइन टाकत होतो. मी काय पाहिलं ते ह्या पत्रात येणार नाही. पण माझ्याही दोन तारखा आहेत, घरच्यांना त्यातली एक माहीत आहे. तेव्हा ह्या प्रकरणाचा वास्तवाशी संबंध काय, असं मला कोणी विचारू नये.

माझं मागणं मोठं नाही. टोल्किन अभ्यासक्रमात लावाच असं मी म्हणत नाही, तेवढे तास तुमच्याकडे नसतील. महायुद्धाच्या पेपरात ओवेनशेजारी ते दलदलीचं एक प्रकरण जोडवाचन म्हणून ठेवता आलं तर बघा. मराठीच्या मंडळातल्या मंडळींना वेगळी विनंती : बसऱ्याला गेलेल्या माणसांनी परत येऊन कोणत्या गोष्टी सांगितल्या, ते घराघरांतून विचारणारा एखादा प्रबंध निघू द्या. ज्यांनी त्या ऐकल्या ती पोरं आता सत्तरीच्या आगेमागे आहेत, फार दिवस थांबता येणार नाही. आणि पुढच्या जूनमध्ये कोणी पोरगी असा प्रस्ताव घेऊन आली तर शेरा लिहिण्याआधी तिला निदान समोर बसवून विचारा, की बाई, तुला ह्यात काय दिसलं.

कळावे,

आपला,
एक निवृत्त सुभेदार, सिग्नल

ता. क. : पत्र टाकण्याआधी मुलीला वाचून दाखवलं. तिने विचारलं, त्या पाइकाने शेवटी घोडा खाल्ला का. मीही लहानपणी पणजोबांना विचारलं होतं. ते म्हणाले, “झोप आता.”